सांगितल्याशिवाय शिक्का नाही

पुस्तक परत करायला आलेल्या माणसाला आधी ते पुस्तक सांगावं लागे. काउंटरवर पुस्तक ठेवायचं, आक्कांच्या तोंडाकडे बघायचं आणि सुरुवात करायची. थोडक्यात सांगितलं तरी चाले. शेवट मात्र सांगायचा नाही, कारण रांगेतल्या मागच्या माणसानं ते वाचलेलं नसेल. सांगून झालं की आक्का परतीचा शिक्का मारत. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता आणि ग्रंथालय खात्याच्या कोणत्याही परिपत्रकात तो सापडणार नाही. बेळगावातल्या त्या सार्वजनिक ग्रंथालयात तो आक्कांनी स्वतःच्या अधिकारात सुरू केला होता. वाचकांना तो सरकारी वाटे.

आक्का तिथल्या मुख्य ग्रंथपाल होत्या. हिंडलग्याहून स्कूटरवरून येत. काउंटरमागे एक उंच स्टूल होतं, पण त्यावर त्यांचा जेवणाचा डबा बसे. त्या स्वतः दिवसभर उभ्या असत. या भागातल्या पुष्कळ बायकांप्रमाणे त्या स्वतःबद्दल 'मी आलो', 'मी गेलो' असंच बोलत. पुण्याहून बदलून आलेल्या एका बँक अधिकाऱ्याला याचं नवल वाटलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, मी आले म्हटलं काय, आलो म्हटलं काय, येणार मीच न्हवं?"

'चांगलं आहे' हा अभिप्राय त्यांना चालत नसे.

"चांगलं हाय म्हंजे काय? पोहे चांगले असतात. ह्यात काय झालं ते सांगा."

पुस्तक न वाचता परत आणणारा दुसऱ्या वाक्याला सापडे. त्याला त्या रागावत नसत. शिक्का मारत आणि तेच पुस्तक त्याच्या नावावर पुन्हा देत. "आता वाचायला न्या," एवढंच म्हणत. पुस्तक अर्ध्यात कंटाळून सोडलं असेल तर ते मात्र चाले. कुठल्या पानावर सोडलं आणि का, हे सांगितलं की सुटका होई. काही लेखकांबद्दलची त्या शहरातली सर्वात नेमकी टीका त्या काउंटरवर झाली आहे. ती छापून येण्यासारखी नव्हती.

मराठी पुस्तक कुणी कन्नडमध्ये सांगे, कन्नड पुस्तक कुणी मराठीत. आक्का ज्या भाषेत ऐकत तिच्या उलट भाषेत प्रश्न विचारत. त्यात काही धोरण होतं का, असं एकदा मी बातमीदाराच्या सवयीनं विचारलं होतं. "धोरण कसलं? मागं रांगेत दोन्हीकडची माणसं असत्यात. एकाला उत्तर कळतंय, दुसऱ्याला प्रश्न कळतोय. दोघं मिळून गोष्ट पुरी करत्यात," असं त्यांचं उत्तर होतं.

एक गोष्ट त्या लपवत नसत. ग्रंथालयातली निम्मी पुस्तकं त्यांनी वाचलेली नव्हती. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यानं कपाटांकडे हात करून कौतुकानं विचारलं, "ही सगळी तुम्ही वाचलीत?"

"न्हाय साहेब. ऐकल्यात."

कोणतं पुस्तक कुणाला द्यायचं हे त्यांना या ऐकण्यातून कळे. नवऱ्याशी भांडून माहेरी आलेल्या एका मुलीला त्यांनी प्रवासवर्णन दिलं होतं. तिच्या वडिलांना दिलेलं पुस्तक मधमाश्या पाळण्याबद्दलचं होतं. "त्यांना घरात बसून बोलायची सवय लागल्याय. जरा हातानं कायतरी करू देत." वडिलांनी मधमाश्या पाळल्या नाहीत, पण पुस्तक सांगायला आले तेव्हा त्यांच्यामागची रांग दारापर्यंत गेली होती आणि कुणीही घाई करत नव्हतं.

या सगळ्यावरून आक्का जुन्या वळणाच्या होत्या, असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. ग्रंथालयाचं नूतनीकरण व्हावं म्हणून सर्वात जास्त अर्ज त्यांनीच केले होते. छत गळत होतं. जिना अंधारा होता. बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. संगणक होता, तो झाकलेला असे. "जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांना श्रावणात माझ्या कादंबऱ्यांच्या कपाटाखाली उभं करा," असं त्या म्हणत. इमारत नवी करण्याचं अखेर मंजूर झालं आणि 'नागरिकांच्या सूचना घेऊन आराखडा करावा' असा आदेश आला, तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्या दिवशी त्यांनी एका वाचकाला शेवटही सांगू दिला.

सूचना कुणाच्या घ्यायच्या, याबद्दल त्यांचं मत वेगळं होतं. "जे येतात त्यांना काय विचारायचं? ते येतातच की. न येणाऱ्यांना विचारायला पायजे."

त्यासाठी त्या दुपारच्या सुट्टीत बाजारात, बसस्थानकात, केशकर्तनालयात फिरल्या. सोबत त्यांचे सहायक ग्रंथपाल असत. हे गृहस्थ निपाणीचे. मितभाषी, काटेकोर, शर्टाच्या खिशात दोन पेनं. इतकी वर्षं त्यांचं टेबल जिन्याखाली होतं आणि वर कुणी चढलं की त्यांच्या कागदांवर धूळ पडे.

या फेऱ्यांतली उत्तरं मी त्या वेळी टिपून घेतली होती. रविवार पेठेतल्या एका दुकानातल्या कामगारानं विचारलं, "तिथं आत जायला काय काम सांगायचं?" ते सरकारी ऑफिस आहे अशी त्याची समजूत होती. भाजी विकणारी एक बाई म्हणाली, "माझी टोपली रिकामी होईस्तोवर तुमचं दार बंद व्हतंय." एका म्हाताऱ्यांनी वर्तमानपत्राचा कागद इतका खाली का ठेवता, मान मोडते, अशी तक्रार केली. ते शेवटचं कधी आले होते असं विचारल्यावर त्यांनी ज्या पंतप्रधानांचं नाव घेतलं त्यावरून पुढचं विचारायची गरज राहिली नाही.

"आणि बायकांना संडास न्हाय," एक महाविद्यालयीन मुलगी म्हणाली. "आम्ही तासभराच्या वर बसत न्हाय त्ये त्यामुळं. वाचायचा कंटाळा न्हाय आम्हाला."

आक्कांनी सहायकांकडे बघितलं. "लिवा सर. हे पयलं लिवा."

आराखडा करायला हुबळीचे एक तरुण आर्किटेक्ट नेमले होते. माणूस सज्जन आणि कामाचा होता. त्यांनी आक्कांच्या जवळजवळ सगळ्या मागण्या घेतल्या. लिफ्ट होती. स्वच्छतागृहं होती. उशिरापर्यंत उघडी राहणारी वाचनखोली होती, उभं राहून वर्तमानपत्र वाचायचं उंच, उतरतं टेबल होतं. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी काचेच्या पलीकडे लांबच लांब टेबलं होती. मुख्य ग्रंथपालांसाठी दाराजवळ वातानुकूलित केबिन होती. पुस्तक परत करायला भिंतीत एक यंत्र होतं. पुस्तक फटीत सरकवायचं, यंत्र ते ओळखणार, पावती देणार.

आक्कांनी आराखडा टेबलावर पसरून बराच वेळ पाहिला.

"काउंटर कुठं हाय?"

"काउंटर लागत नाही मॅडम," आर्किटेक्ट हिंदीत म्हणाले. "यंत्र आहे ना. रांगच राहणार नाही."

"रांग राहणार न्हाय," आक्का म्हणाल्या. त्यांनी हे वाक्य एखाद्याच्या आजारपणाची बातमी ऐकल्यासारखं उच्चारलं.

यंत्राला त्यांचा विरोध नव्हता. यंत्रानं शिक्का मारावा, त्यांना काही नव्हतं. पण त्या काही महिन्यांत निवृत्त होणार होत्या. काउंटर गेलं की पुस्तक सांगायची जागा जाणार, आणि जागा गेली की ती सवय शहरातून जाईल, ही त्यांची खरी भीती होती. ती त्यांनी फक्त एकदा बोलून दाखवली. "पुस्तक माणसाच्या आत गेलं की माणूस जरा बाहेर येतंय. त्याला बाहेर यायला दार नको व्हय?"

नागरिकांच्या सूचनांसाठी सभा रविवारी सकाळी ठेवली होती. सभा ग्रंथालयातच होती. माईक कुठे लावायचा हा प्रश्न आला. विजेचा चालू स्थितीतला एकमेव प्लग काउंटरजवळ होता, म्हणून माईक काउंटरवर ठेवला. काउंटरमागे आर्किटेक्ट लॅपटॉप उघडून बसले. त्यांच्या लॅपटॉपवरचं लिखाण मोठ्या अक्षरांत त्यांच्या मागच्या भिंतीवर दिसेल अशी सोय केली होती. आक्का त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. नागरिकांनी एकेक करून पुढे यावं आणि सूचना सांगावी, असं जाहीर झालं.

त्यानंतर जे घडलं त्यात कुणाचाही खोडसाळपणा नव्हता. रविवार हा पुस्तकं बदलायचा दिवस असे. लोकांच्या पिशव्यांत पुस्तकं होती. समोर तेच काउंटर होतं आणि काउंटरमागे आक्का उभ्या होत्या.

पहिली आली ती बेळगुंदीची एक बाई. शेतात रताळी लावणारी, आठवड्याला एक पुस्तक नेणारी. तिनं पिशवीतून पुस्तक काढून माईकशेजारी ठेवलं, आक्कांकडे बघितलं आणि सुरुवात केली.

"दोघं भाऊ हाईत. विहीर एकच. एकमेकांसंगं बोलत न्हाईत. काय सांगायचं असलं की बैलाला सांगत्यात. 'सर्जा, सांग त्येला, आज पाणी माझं.' त्यो पलीकडनं म्हणतोय, 'सर्जा, त्येला म्हणावं, काल बी तुझंच व्हतं.' असं लई वर्सं चाललंय. बायका बी तसंच. लग्नाचं आमंत्रण सुद्दा बैलालाच."

आर्किटेक्टना मराठी थोडं कळत होतं. त्यांनी सूचना नोंदवली. भिंतीवर उमटलं: '१. दोन गटांत पाण्यावरून वाद. पिण्याच्या पाण्याची दोन ठिकाणी सोय करावी.'

"आणि मग," बाई म्हणाली, "एक दिवस त्यो बैलच मरतोय."

 आर्किटेक्टची बोटं थांबली.

"मुंद?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. पुढे?

"आता कुणाला सांगून बोलायचं?" बाई म्हणाली. "दोघं बी विहिरीवर येऊन उभं ऱ्हायल्यात. झालं माझं."

"झालं म्हणजे? ते बोलतात की नाही?"

"त्ये सांगायचं न्हाय," रांगेतली चार माणसं एकदम म्हणाली.

दुसरे आले ते निवृत्त वकील. त्यांनी एक प्रेमकथा सांगितली, पण आयुष्यभराच्या सवयीनं. वादी म्हणजे नायिका, प्रतिवादी नायक. वादीनं प्रतिवादीला गच्चीवर पाहिल्याचा पुरावा कमकुवत होता, साक्षीदार एकच, तोही वादीचा धाकटा भाऊ. भिंतीवर उमटलं: '२. विवाहविषयक कायद्याची पुस्तकं वाढवावीत.' तिसऱ्या गृहस्थांनी एका समुद्री वादळाची गोष्ट कन्नडमध्ये सांगितली, त्यावर '३. छताची गळती तातडीने थांबवावी' अशी नोंद झाली. ही शेवटची नोंद निदान खरी होती. तोवर मागच्या खुर्च्यांवरची माणसं हसून हसून पुढच्यांच्या पाठीवर डोकं टेकत होती. आर्किटेक्टनी मागे वळून भिंत वाचली, मग आक्कांकडे पाहिलं आणि तेही हसायला लागले.

"मॅडम, हे सूचना कधी देणार?"

"हीच सूचना हाय साहेब," आक्का म्हणाल्या. "ह्यांना हे पायजे. पण ह्यांना ते म्हाईतच न्हाय, कारण आजवर कधी मागायची वेळ आल्ती न्हाय."

सभा तिथंच संपली असती तर बातमी सोपी झाली असती. पण रांगेत कणकुंबीची एक मुलगी होती. शहरात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. ती माईकसमोर आली तेव्हा तिच्या हातात पुस्तक नव्हतं.

"आक्का, रागावू नका. मला शांतता पायजे. मी सकाळी येतो ती दार बंद होईस्तोवर बसतो. तुमच्या हितं गोष्टी चालू असत्यात. वाईट असत्या तर बरं झालं असतं. चांगल्या असत्यात. कान तिकडंच जातंय. गेल्या खेपेला पेपरात मला राज्यघटनेचं कलम आठवंना, पण त्या दर्यावर्दी म्हाताऱ्याची तीन लग्नं आठवली."

लोक पुन्हा हसले. मुलगी हसली नाही.

"मला ह्या वर्षी पास व्हायचंच हाय," ती म्हणाली. "घरात सांगून आलोय."

आक्काही हसल्या नाहीत. त्यांनी काउंटरवरून हात पुढे करून तिचा हात धरला. "तुझं बरोबर हाय, बाळ. मला हे आधी कळायला पायजे हुतं." मग आर्किटेक्टकडे वळल्या. "साहेब, गोष्टी सांगायला दार असलेली खोली पायजे. आवाज बाहेर येऊ नये अशी. दाराजवळच पायजे, न्हाईतर कोण आत येणार न्हाय."

आर्किटेक्टनी आराखडा भिंतीवर आणला. तळमजल्यावर दाराजवळ, काचेची, आवाज न जाणारी खोली एकच होती. मुख्य ग्रंथपालांची केबिन.

"ती द्या की," आक्का म्हणाल्या. "मला कशाला केबिन?"

"तुम्हाला नाहीच मॅडम," आर्किटेक्ट संकोचून म्हणाले. "इमारत होईपर्यंत तुम्ही निवृत्त झालेल्या असाल. केबिन पुढच्या ग्रंथपालांची. त्यांचं लेखी संमतीपत्र लागेल."

सगळ्यांनी जिन्याकडे पाहिलं. जिन्याखालच्या टेबलाशी सहायक ग्रंथपाल बसले होते. पुढचे ग्रंथपाल तेच होणार हे ठरलेलं होतं. त्यांनी नाकावरचा चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.  सभा संपली.

त्यांची अडचण ग्रंथालयातल्या सगळ्यांना माहीत होती. केबिनच्या दारावर नावाची पाटी कुठे लागेल, हेही त्यांनी आराखड्यावर बघून ठेवलं होतं. निपाणीला त्यांच्या आईनं सगळ्या गल्लीला सांगितलं होतं की पोराला आता थंडगार खोली मिळणार. जिन्याखाली बसून धूळ खाल्लेल्या माणसाकडे कुणी ही खोली कशी मागायची? आक्कांनी मागितली नाही. तो आठवडाभर त्या काउंटरवर गोष्टी ऐकत होत्या, पण प्रश्न विचारत नव्हत्या. वाचकांच्या ते लक्षात आलं. वकील साहेबांनी तर स्वतःच स्वतःची उलटतपासणी घेतली.

पुढच्या रविवारी सहायक स्वतःहून काउंटरशी आले. मी तिथे पुस्तकं बदलायला गेलो होतो.

"आक्का, मी संमती लिवून देतो. पण एक अट हाय."

"सांगा सर."

"तुम्ही रिटायर झाल्यावर रोज यायचं न्हाय."

 आक्कांच्या हातातला शिक्का हवेतच राहिला.

"रागावू नका," सहायक घाईनं म्हणाले. त्यांना इतकं सलग बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. "तुम्ही असलासा की लोक तुमच्याकडं बघूनच सांगणार. माझ्याकडं कोण बघणार? मग तुम्ही दमलासा, गावाला गेलासा, की खोली रिकामी. मी केबिन सोडालोय त्ये रिकाम्या खोलीसाठी न्हाय. मला बी ऐकायचंय. इतकी वर्सं जिन्याखालनं मला निम्मंच ऐकू येतंय."

 आक्कांनी शिक्का खाली ठेवला आणि मोठ्यानं, पूर्ण घसा सोडून हसल्या. वाचनखोलीतल्या विद्यार्थ्यांनी माना वर केल्या.

"अवो, मग आधी सांगायचं न्हाय व्हय? पुढं येऊन बसला असता!"

"तुम्ही बोलवलं न्हाईसा."

"व्हय की. न्हाय बोलवलं," आक्का म्हणाल्या. "आठवड्यातनं एकदा येतो. चालंल?"

"चालंल. बुधवारी या. बुधवारी गर्दी कमी असत्या."

त्या दिवसापासून स्टुलावरचा जेवणाचा डबा खाली उतरला आणि सहायक स्टुलावर बसू लागले. पहिले काही दिवस लोक त्यांच्याकडे बघून आक्कांनाच सांगत. मग आक्का मुद्दाम आतल्या कपाटांकडे जाऊ लागल्या. सहायक प्रश्न फार विचारत नसत. ते दोन्ही कोपर काउंटरवर ठेवून, तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत, आणि त्यांचं ते तोंड बघून सांगणाऱ्याला चेव येई. कणकुंबीची मुलगी नव्या खोलीविषयी विचारून गेली. इमारत कधी पूर्ण होणार, हेही. आक्कांनी तिला जुन्या दप्तराच्या खोलीत एक टेबल लावून दिलं. वाळवीचा वास येतो, पण आवाज येत नाही, या अटीवर तिनं ते घेतलं.

नवी इमारत उघडली तेव्हा आक्का निवृत्त झाल्या होत्या. उद्घाटनाला त्या मागच्या रांगेत बसल्या आणि भाषणं चालू असताना लिफ्टनं दोनदा वर जाऊन आल्या. स्वच्छतागृहाचे नळ त्यांनी सोडून बघितले. भिंतीतल्या यंत्रात कुणाचं तरी पुस्तक घालून पावती घेतली आणि ती घडी घालून पर्समध्ये ठेवली.

त्यानंतरच्या बुधवारी दुपारी त्या आल्या. दाराजवळची खोली भरलेली होती. आत लाकडी काउंटर होतं, त्यामागे नवे ग्रंथपाल कोपर टेकून बसले होते, आणि समोर बेळगुंदीची बाई हात उंचावून काहीतरी सांगत होती. रांग खोलीत मावत नव्हती. तिचं शेपूट बंद काचेच्या दाराबाहेर उभं होतं. काचेपलीकडच्या लांब टेबलांवर विद्यार्थी खाली मान घालून बसले होते. एकाचीही मान वर नव्हती.

आक्का काचेशी जाऊन उभ्या राहिल्या. आत लोक हसले. बाई पुन्हा बोलू लागली. आक्कांनी काचेला कान लावला.

"काय बी ऐकू येत न्हाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला.

दाराजवळच्या एका वाचकानं त्यांना ओळखलं. "आक्का, तुम्ही पुढं जावा की."

"नको, नको." त्यांनी पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं. "मी ऐकाय आलो न्हाय आज. सांगायचंय मला." आणि रांगेत सगळ्यात मागे जाऊन त्या उभ्या राहिल्या.